बॉक्स कुठला ते नंतर बघू, आधी दुसरी कॉपी कुठे राहणार ते ठरवा

ताई, नमस्कार. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांच्या घरात चार माणसं, दोन लॅपटॉप, एक विंडोज एक मॅक, चार फोन, आणि गेल्या बारा वर्षांचे फोटो-व्हिडिओ तीन एक्सटर्नल हार्ड डिस्कवर विखुरलेले, सगळं मिळून अडीच टीबी. त्यातली एक डिस्क मागच्या आठवड्यात टकटक आवाज करायला लागली आणि घरात सगळे घाबरले, म्हणून आता नॅस घ्यायचंय, म्हणजे राउटरला जोडून ठेवायचा डिस्कचा बॉक्स, ज्यात सगळ्यांचा बॅकअप जाईल आणि फाइली एकमेकांना दिसतील. प्रश्न असे की दोन बे का चार बे (बे म्हणजे डिस्क बसवायचा कप्पा), कंपनी कुठली, नवरा म्हणतो जुन्या पीसीचंच नॅस करू तर ते चालेल का, बाहेर असताना फोनवर फाइली दिसतील का, आणि शेवटची ओळ, "रेड 1 केलं की बॅकअपची काळजी संपली ना?"

सगळ्यात आधी ती टकटक करणारी डिस्क. तिला रोज लावून "आज तरी उघडतेय का" असं बघत बसू नका. हा आवाज बहुतेक वेळा आतलं हेड नीट वाचू शकत नाहीये म्हणून येतो, आणि अशी डिस्क जितक्या वेळा चालू कराल तितकं उरलंसुरलंही जायची शक्यता वाढते. फोल्डर अजून दिसत असतील तर एकाच बैठकीत जे परत कधीच मिळणार नाही ते आधी काढून घ्या, माणसांचे फोटो पहिले, डाउनलोड केलेलं काय असेल ते शेवटी. विंडोजने मध्येच डिस्क दुरुस्त करू का विचारलं तर नाही म्हणा, कारण त्या दुरुस्तीत डिस्कवर लिहिलं जातं आणि अशा डिस्कवर आत्ता काहीही लिहिलं जायला नको. काहीच दिसत नसेल तर बंद करून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवणं, हलकेच ठोकणं, घरी उघडून बघणं यातलं काहीही करू नका, कळकळीने सांगतोय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घेतो कारण बाकी सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. नाही ताई, रेड म्हणजे बॅकअप नाही. 1988 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा मुद्दा होता की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या, पण मग त्यातली एक गेली तर काम बंद पडायला नको. रेड 1 तेवढंच करतं, दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच वेळी लिहितं, एक मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. पण तुम्ही चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरनं त्याच क्षणी उडतं, लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरून शेअर केलेलं फोल्डर लॉक झालं तर दोन्हीकडे लॉक होतं, बॉक्सचा पॉवर सप्लाय बिघडून दोन्ही डिस्क जळाल्या, चोरी झाली, पाणी शिरलं, तर आरशातलं आणि आरशाबाहेरचं दोन्ही एकदमच गेलं.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या बॉक्समध्ये दोन डिस्कचं रेड 1 होतं आणि मी त्याच भरवशावर होतो. एका रात्री डुप्लिकेट फोटो साफ करता करता चुकीचं फोल्डर सिलेक्ट झालं आणि सात महिन्यांचे फोटो गेले. रीसायकल बिन चालू नव्हतं, स्नॅपशॉट (ते काय ते पुढे सांगतो) नव्हते, बाहेर कुठे कॉपी नव्हती. दोन्ही डिस्क अगदी ठणठणीत होत्या हो, आत फोटो तेवढे नव्हते. थोडे फोटो नंतर नातेवाइकांच्या फोनमधनं मिळाले, बाकीचे नाहीच. तेव्हापासून कोणी नॅसबद्दल विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, दुसरी कॉपी कुठे?

फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला एक साधा हिशेब आहे, 3-2-1 म्हणतात त्याला. डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुमच्या घरात हे असं बसेल: पहिली कॉपी लॅपटॉप-फोनमध्ये, दुसरी नॅसवर, तिसरी एका साध्या यूएसबी एक्सटर्नल डिस्कवर, जी महिन्यातनं एकदा नॅसला लावायची, कॉपी झाली की काढायची आणि दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची, बहीण, मैत्रीण, ऑफिसचं कपाट, जिथे विश्वास आहे तिथे. अशा दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या तर फारच छान, एक कायम बाहेर राहते. आणि एक लक्षात ठेवा, जुने फोटो लॅपटॉपवर जागा नाही म्हणून फक्त नॅसवर टाकले की ती पहिली कॉपी गायब झाली, मग नॅस हा बॅकअप राहत नाही, तीच मूळ प्रत होते. हे बहुतेक घरांत नकळत होतं. म्हणून पैसे ठरवताना बॉक्स, आतल्या डिस्क आणि बाहेरची डिस्क असे तिघांचे मिळून ठरवा. बाहेरच्या डिस्कला पैसे उरत नसतील तर बॉक्स लहान घ्या, पण ती डिस्क घ्याच.

बाहेरची कॉपी क्लाउडवर ठेवली तरी चालते, फक्त अपलोड स्पीड बघून घ्या. 20 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) अपलोड असेल तर अडीच टीबी चढायला बरोबर दहा लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस रात्रंदिवस, तेही मध्ये काही अडलं नाही तर. एकदा चढलं की पुढे रोजचं नवीन तेवढंच जातं. एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून पाठवा आणि ती किल्ली नॅसवरच ठेवू नका, नाहीतर ज्या दिवशी नॅस जाईल त्या दिवशी किल्लीपण गेली, मग क्लाउडवरचा डेटा असून नसल्यासारखा. कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा.

बे किती? माझं सरळ मत, तुम्हाला दोन बे पुरे. अडीच टीबी आहे, त्यात दोन लॅपटॉपचे बॅकअप, आणि फोनवर 4के 60 फ्रेमने शूट केलं तर मिनिटाला 400 एमबीच्या आसपास जातात म्हणजे तासाला 24 जीबी, म्हणजे पुढची वाढ व्हिडिओचीच असणार. 8 टीबीच्या दोन डिस्क रेड 1 मध्ये टाका, वापरायला 8 मिळतील आणि काही वर्षं बघायला नको. स्क्रीनवर ते 7.2 वगैरे दिसेल, फसवलं असं समजू नका, कंपनी टीबी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या. चार बे घेतल्यावर रेड 5 करता येतं, एकाच डिस्कची जागा जाते, बाकी तिघींची मिळते, ते ज्यांचा डेटा वीस-तीस टीबीच्या घरात आहे किंवा जे रोज व्हिडिओ एडिट करतात त्यांना उपयोगी. तुम्ही चार बे घेऊन दोन रिकामे ठेवण्यापेक्षा ते पैसे बाहेरच्या डिस्कला लावा. सिंगल बे पण अगदीच वाईट नाही बरं का, बाहेरची कॉपी नियमित होत असेल तर. बिनकॉपीच्या चार बेपेक्षा मला तो जास्त सुरक्षित वाटतो.

डिस्क निवडताना मात्र जरा थांबा. हार्ड डिस्कमध्ये लिहायच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात (सीएमआरमध्ये नसतात), त्यामुळे जागा जास्त मिळते पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात, म्हणून सलग भरपूर लिहायची वेळ आली की डिस्क रडायला लागते. नॅसमध्ये ती वेळ नेमकी कधी येते, तर एक डिस्क मेल्यावर नवीन डिस्कवर सगळं परत भरताना. 2020 च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड नावाच्या डिस्कमध्ये, हा रेड म्हणजे लाल, वरचा रेड वेगळा, 2 ते 6 टीबीच्या काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर वापरलं होतं, बराच गदारोळ झाला आणि मग त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. तेव्हा रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ, तोशिबाची एन 300 यातली कुठलीही चालेल, पण मॉडेल नंबर टाकून डेटाशीटमध्ये सीएमआर लिहिलंय ना ते डोळ्याने बघा. साधी डेस्कटॉपची डिस्क का नको, तर ती एखादा खराब सेक्टर वाचायला खूप वेळ झगडत बसू शकते, तेवढ्यात बॉक्सला वाटतं ही मेली आणि तो तिला रेडमधनं बाहेर काढतो. नॅसवाल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात आणि बाकीचं बॉक्सवर सोडतात.

आणि जमलं तर दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातनं घेऊ नका. एकाच बॅचच्या डिस्कमध्ये दोष असला तर दोघींत असतो. एक गेली की दुसरीवर सगळा भार येतो, 8 टीबी परत भरायला बारा-पंधरा तास सहज लागतात आणि तेवढा वेळ तुमच्याकडे एकच जिवंत डिस्क असते.

नेटवर्क. बॉक्स राउटरला केबलनेच जोडायचा, वायफायने नाही. गिगाबिट पोर्टवर सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात, म्हणजे 1 टीबीला अडीच तास. कॉपी करताना 11-12 एमबीवरच अडकलं तर समजा लिंक 100 एमबीपीएसवर उतरलीये, एकतर राउटरचे पोर्टच जुने आहेत किंवा केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतायत, हे खूप वेळा होतं आणि लोक बिचाऱ्या नॅसला दोष देतात. कॅट 5ई केबल पुरते. 2.5 गिगाबिट पोर्ट असलेला बॉक्स मिळाला तर नाही म्हणू नका पण राउटर आणि लॅपटॉप दोन्हीकडे ते नसेल तर फायदा शून्य. लॅपटॉपचा पहिला पूर्ण बॅकअप केबल लावून करा, पुढचे वायफायवर होत राहतील.

शेअरिंग करताना घरातल्या प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढा, एकच पासवर्ड चौघांनी वापरणं नको. एक सगळ्यांचं फोल्डर आणि प्रत्येकाचं स्वतःचं. अ‍ॅडमिन अकाउंटने रोजचं काम करायचं नाही. विंडोज आणि मॅक दोघंही एसएमबी या फाइल शेअरिंगच्या भाषेत बोलतात त्यामुळे काही वेगळं लागत नाही, फक्त तिची जुनी आवृत्ती एसएमबी 1 बंद ठेवा, 2017 मधलं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर त्याच्याच भोकातनं पसरलं होतं. मॅकची टाइम मशीन, म्हणजे त्याचा स्वतःचा बॅकअप प्रोग्राम, नॅसवर लावाल तेव्हा तिला कोटा ठरवून द्या, 1 टीबी वगैरे, नाहीतर ती जागा दिसेल तेवढी खात जाते आणि एक दिवस फोटोंना जागा उरत नाही.

आणि स्नॅपशॉट! हे एक फीचर बघूनच मॉडेल निवडा असं मी म्हणेन. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइल सिस्टीम असलेल्या बॉक्समध्ये ठरावीक वेळेला सगळ्या फोल्डरचा जणू फोटो काढून ठेवला जातो, जागा फारशी लागत नाही कारण बदललेलं तेवढंच वेगळं साठतं, आणि लॅपटॉपवरनं त्यात काही बदलता येत नाही. म्हणजे कोणी फोल्डर उडवलं किंवा रॅन्समवेअरने लॉक केलं तरी काल दुपारच्या स्थितीला परत जाता येतं. माझे ते सात महिने वाचले असते. काही स्वस्त मॉडेलमध्ये हे मिळत नाही, तेव्हा घ्यायच्या आधी स्पेसिफिकेशनमध्ये हा शब्द शोधा. तरी स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, त्यामुळे बाहेरची डिस्क सुटत नाही.

बाहेरून फोनवर फाइली बघायच्या इच्छेबद्दल जरा कडक बोलतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायला वाट करून, नॅसचं लॉगिन पान इंटरनेटवर टाकू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. 2014 मध्ये सिनोलॉकर आलं, सिनॉलॉजीच्या अपडेट न केलेल्या बॉक्समधल्या फाइली लॉक करून खंडणी मागायचं. 2021 च्या जूनमध्ये जगभरातल्या लोकांचे वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह परस्पर फॅक्टरी रीसेट झाले, वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला, आणि त्या मॉडेलला शेवटचं अपडेट 2015 मध्ये मिळालं होतं. 2022 च्या जानेवारीत क्यूनॅपच्या बॉक्सवर डेडबोल्ट नावाचं रॅन्समवेअर आलं. तिन्ही वेळा इंटरनेटवरनं थेट पोचता येणारे बॉक्सच सापडले. त्याऐवजी व्हीपीएन वापरा, वायरगार्ड किंवा त्यावर बांधलेलं टेलस्केल, फोनमध्ये अ‍ॅप टाकलं की तुम्ही जणू घरातच बसून नॅस उघडताय, टेलस्केलला तर पोर्ट उघडायची पण गरज नाही. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा म्हणजे बॉक्स स्वतःहून दार उघडणार नाही. टू-स्टेप लॉगिन चालू, ऑटो अपडेट चालू.

कंपनी आणि जुना पीसी हे एकत्र घेतो. जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची सिस्टीम टाकून उत्तम नॅस होतं, दोन्ही फुकट, ट्रूनॅसला निदान 8 जीबी रॅम लागते आणि सिस्टीमसाठी वेगळी डिस्क. वीज मात्र जास्त खातो, दोन बेचा तयार बॉक्स चालू असताना 15 ते 20 वॅटमध्ये भागवतो, जुना डेस्कटॉप सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट घेतो तेही चोवीस तास. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. तुमचे यजमान बाहेरगावी असताना ते बंद पडलं तर घरातलं दुसरं कोणी चालू करू शकेल का? त्यांना मनापासून आवड असेल आणि ते नीट लिहून ठेवणार असतील तर जरूर करा, नाहीतर तयार बॉक्स घ्या. तयारमध्ये सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर नवख्या माणसाला सगळ्यात सोपं जातं असं मला वाटतं, क्यूनॅप आणि असुस्टॉरमध्ये त्याच पैशात हार्डवेअर बरेचदा जास्त मिळतं. सिनॉलॉजीने 2025 च्या काही मॉडेलमध्ये स्वतःच्या शिक्क्याच्याच डिस्क चालतील अशी अट घातली होती, लोक चिडले, त्याच वर्षी नवीन सॉफ्टवेअरमध्ये ती सैल केली. तेव्हा कुठलाही बॉक्स असो, डिस्क घ्यायच्या आधी त्या मॉडेलची कंपॅटिबिलिटी लिस्ट बघायची आणि अपडेट अजून किती वर्षं मिळणार ते बघायचं. प्रोसेसर-रॅमच्या आकड्यांपेक्षा घरच्या वापराला हे महत्त्वाचं.

यूपीएस घ्या, छोटा चालेल, पण यूएसबी केबलने नॅसशी बोलणारा, म्हणजे वीज गेली की बॉक्स स्वतः नीट बंद होईल. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीमचं नुकसान होऊ शकतं. बॉक्स झोपायच्या खोलीत ठेवू नका, डिस्कची गुरगुर रात्री ऐकू येते. बंद कपाटात पण नको, गरम होतो.

सेटअप झाल्यावर ईमेल अलर्ट लावाल, तो खरंच येतोय का ते टेस्ट मेल पाठवून बघा. 2017 च्या 31 जानेवारीला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता आणि तो फेल झाल्याचे मेल मेल सर्व्हरच परत पाठवत होता, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून वाचले. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होतं. तेव्हा महिन्यातनं एकदा, बाहेरची डिस्क घरी आणाल त्याच दिवशी, तिच्यावरचे दोन-चार फोटो आणि एखादा व्हिडिओ लॅपटॉपला थेट लावून उघडून बघा. थेट म्हणतोय ते मुद्दाम, नॅसचे काही बॅकअप प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये साठवतात आणि मग ते वाचायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. फोटोंची तरी एक कॉपी साध्या फोल्डरमध्ये, एक्सफॅट फॉरमॅटच्या डिस्कवर असू द्या, कुठल्याही लॅपटॉपला लावली की दिसेल अशी.

उरलेल्या दोन जुन्या डिस्क नॅस आल्या आल्या फॉरमॅट करू नका. आधी सगळं नॅसवर, तिथून बाहेरच्या डिस्कवर, मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइझ जुळवा, मधले मधले फोटो उघडून बघा, आणि तोपर्यंत त्या दोघींवर आत काय आहे आणि कुठल्या तारखेपर्यंतचं आहे त्याची चिठ्ठी चिकटवून ठेवून द्या. टकटकवाल्या डिस्कमधनं काय निघालं ते मला कळवा. काही फोल्डर अर्धवट आले असतील तर कुठल्या वर्षाचे ते लिहा, त्या काळातल्या घरच्यांच्या फोनमध्ये आणि जुन्या क्लाउड अकाउंटमध्ये कसं शोधायचं ते सांगेन.